झाकणाचं दुसरं नाव

पदनाम: छायाचित्र अभिलेख सहायक, श्रेणी दुसरी. विभाग: पाणीपुरवठा. लिंग: स्त्री. बांधा: मध्यम. ओळखीची खूण: उजव्या भुवईवर जुना व्रण. कामाचे स्वरूप: विभागाच्या मालकीच्या छायाचित्रांस योग्य ते शोधशब्द देणे व दिलेले शब्द अद्ययावत ठेवणे. अधिपत्याखालील कर्मचारी: निरंक. विशेष प्रावीण्य: निरंक. बसण्याची जागा: मुख्य इमारत, तळमजला, जिन्याखालील खोली.

यात एक अक्षर खोटं नाही. फक्त त्या खोलीच्या दारावर 'टायर' अशी पाटी आहे, एवढं सांगायचं राहिलं. खोली पूर्वी भांडाराची होती. पाटी काढायची तर भांडाराची परवानगी लागते, आणि भांडाराच्या मते खोली अजून त्यांचीच आहे. त्यामुळे सबंध विभागात जिचं काम प्रत्येक वस्तूला नीट नाव देण्याचं, ती बाई गेली कित्येक वर्षं 'टायर' या नावाखाली बसते. तिला त्याचं काही वाटत नाही. 'येणाऱ्याला खोली सापडते ना, मग झालं,' असं ती म्हणते. तिला सगळे फोटोबाई म्हणतात.

पाणीखात्याला फोटो कशाला लागतात, असं प्रत्येक नवा माणूस विचारतो. तर नळ जमिनीखाली असतात आणि जमिनीवर रस्ता असतो. खड्डा बुजवण्याआधी कामगारांच्या टोळीतला कोणी तरी फोटो काढतो: व्हॉल्व्ह, त्याचं झाकण, आणि जवळच्या भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत ताणलेली टेप. मग रस्तेवाले येतात, डांबर ओततात आणि झाकणासकट सगळं गाडून निघून जातात. पुढे कधी तरी नळ फुटतो. तेव्हा पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह नेमका कुठे आहे, हे फक्त त्या फोटोला माहीत असतं. फोटो सापडला तर एक खड्डा. नाही सापडला तर रस्ताभर खड्डे, आणि तोवर पाणी लोकांच्या दुकानांत.

म्हणून फोटो सांभाळायचं नवं सॉफ्टवेअर आलं तेव्हा फोटोबाईने कंबर कसली. त्यात प्रत्येक फोटोला शोधशब्द देता येत होते आणि त्या शब्दांची उतरंड लावता येत होती. तिने विभागाची अधिकृत परिभाषा समोर ठेवली आणि शब्दांचं एक झाड उभं केलं. वर 'झडप', म्हणजे व्हॉल्व्ह. झडपेच्या पोटात 'भूमिगत' आणि 'भूपृष्ठीय'. भूमिगताच्या पोटात 'वर्तुळाकार झाकण' आणि 'चौकोनी झाकण'. वर्तुळाकाराच्या पोटात 'सपाट' आणि 'बहिर्वक्र'. असं करत करत ते थेट 'द्विमुखी हवाविमोचक झडपे'पर्यंत पोचलं. झाड इतकं देखणं झालं की धाकटे साहेब, म्हणजे उपअभियंता, पाहुण्यांना मुद्दाम ते दाखवायला आणत. पाहुणे वाकून झाड बघत आणि उठताना जिन्यावर डोकं आपटून घेत.

झाडात एकच उणीव होती. त्यावर कोणी चढत नसे.

रस्त्यावरच्या टोळीच्या मुकादमाकडे खात्याचा फोन होता आणि त्या फोनमध्ये तेच सॉफ्टवेअर होतं. पण मुकादम त्यात शोधत नसे. तो जिन्याखाली फोन करी.

"बाई, बेडूक पाठवा."

"कुठला? शाळेजवळचा की बेकरीजवळचा?"

"बेकरीजवळचा. आणि जरा लवकर. बेकरीवाला गुडघाभर पाण्यात उभा राहून आमच्या आईवडिलांची आठवण काढतोय."

बेडूक म्हणजे द्विमुखी हवाविमोचक झडप. फोटोबाई ते अधिकृत नाव टाइप करी, फोटो शोधून काढी, पाठवी. टोळीचं काम होई. तिलाही बरं वाटे. आपल्यावाचून शहराचं पाणी अडतं, ही भावना जिन्याखाली बसणाऱ्या माणसाला रोज मिळत नाही.

मग सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. फोटोबाईने रजा टाकली आणि दवाखान्याच्या नियमाप्रमाणे फोन बंद करून बाकावर बसली. नेमका त्याच दिवशी भाजीबाजाराजवळचा मोठा नळ फुटला. मुकादमाने फोन लावला, पुन्हा लावला, मग सॉफ्टवेअर उघडून त्यात बेडूक, फुगलेला, वाकडा असं मनाला येईल ते टाकून पाहिलं. सॉफ्टवेअरने प्रत्येक वेळी नम्रपणे सांगितलं की असं काही अस्तित्वात नाही. मग टोळीने अंदाजाने खोदायला घेतलं. संध्याकाळपर्यंत रस्ता असा दिसू लागला की कोणाला वाटावं, खात्याने आता बटाटे लावायचं मनावर घेतलंय.

रजेवरून आल्या आल्या धाकट्या साहेबांनी तिला बोलावलं.

"बाई, सॉफ्टवेअर कशाला घेतलं आपण?"

"फोटो सापडावेत म्हणून."

"सापडला का?"

"मी नव्हते, साहेब."

"तेच म्हणतोय मी. तुम्ही असलात की सापडतो. मग सॉफ्टवेअर कशाला? तुमचीच एक प्रत काढून मुकादमाच्या खिशात ठेवू." ते कठोर बोलायचा प्रयत्न करत होते, ते त्यांना जमत नसे. "वार्षिक अहवाल गेला की मोठे साहेब स्वतः चाचणी घेणार आहेत. मुकादमाने स्वतःच्या फोनवर फोटो शोधायचा. तुम्ही तोंड उघडायचं नाही. सापडला नाही तर फोटो सगळे पेटीत जाऊन अभिलेखागारात, खोली भांडाराला परत, आणि तुम्ही तक्रार खिडकीवर."

तक्रार खिडकीवर लोक पुरावा म्हणून रिकामी बादली घेऊन येतात. फोटोबाईला बादल्यांची भीती नव्हती. पण अभिलेखागारात गेलेली पेटी कोणी उघडल्याचं आजवर कोणाच्या ऐकिवात नव्हतं. आणि त्या पेटीत शहरातला एकूण एक गाडलेला व्हॉल्व्ह जाणार होता.

"सापडेल," ती म्हणाली.

"कसा?"

"ते मी बघते."

घरी वेगळंच रामायण चालू होतं. ऑपरेशनआधी सासूबाईंना दिसावं म्हणून तिने स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर मोठ्या ठळक अक्षरांत नावं चिकटवली होती. आता एका डोळ्यावर पट्टी बांधून सासूबाई ओट्यापाशी उभ्या होत्या.

"अगं, तुझ्या नणंदेचा डबा कुठे गेला?"

"समोरच आहे, आई. साखर लिहिलंय बघा."

"साखर लिहिलेलं दिसतंय मला. एकाच डोळ्याने, पण दिसतंय. मी मागतेय नणंदेचा डबा."

"तोच तो. तिने आणला होता त्यातच साखर आहे. आता साखर म्हणायचं."

"का म्हणायचं? डबा तिने आणला, तेव्हापासून मी त्याला तेच म्हणते. तू डब्याचं नाव बदललंस. माझं तोंड कोण बदलणार?"

"बाबांनी प्रयत्न केला होता," वर्तमानपत्राच्या मागून नवरा म्हणाला. तो लोकांना गाडी चालवायला शिकवतो. जवळचा सगळा संयम संध्याकाळपर्यंत संपवूनच घरी येतो. "बाबा आता नाहीत."

"तू गप्प बस रे," सासूबाई म्हणाल्या. "आणि काय गं सूनबाई, वरती साखर लिही की खुशाल. खाली बारीक अक्षरात माझंही लिही. जागा काय कमी आहे?"

फोटोबाई हातातला चमचा तसाच धरून डब्याकडे बघत राहिली. नवऱ्याने विचारलं, बरं नाही का. ती म्हणाली, बरं आहे, आता बरं आहे.

दुसऱ्या दिवशी तिने सॉफ्टवेअरमध्ये 'झडप' या शब्दाची सेटिंग उघडली. नावाच्या खालीच एक रकाना होता: 'समानार्थी शब्द'. तो पहिल्यापासून तिथेच होता. ज्यांना नीट एका शब्दावर ठाम राहता येत नाही अशा लोकांची ती सोय असावी, असं समजून तिने आजवर त्याला हात लावला नव्हता. इथे लिहिलेला कुठलाही शब्द शोधला की तोच फोटो येणार होता. म्हणजे झाड तसंच ठेवून त्याला खालून शिडी लावता येत होती.

चहाच्या सुट्टीत ती मागच्या अंगणात गेली. टोळी लोखंडी नळांच्या ढिगावर बसली होती. तिने टॅबलेट पुढे केला. "याला काय म्हणता?"

"झडप," मुकादम म्हणाला. उठून उभा राहायचाच तेवढा बाकी होता.

"मी परीक्षा घ्यायला आलेली नाही, मुकादम. खड्ड्यात उभे असता तेव्हा काय म्हणता?"

"खड्ड्यात उभा असतो तेव्हा जे म्हणतो ते इथे म्हणता यायचं नाही, बाई."

"त्यातलं फक्त नाव सांगा. बाकीचं राहू द्या."

पहिलं नाव निघायला वेळ लागला. नंतर मात्र थांबवायची पाळी आली. सतत गळतो तो रडका. अर्धाच फिरतो तो आडमुठा. हलतो पण निघत नाही तो म्हातारीचा दात. एका व्हॉल्व्हवरून टोळीतच जुंपली. नदीकडचे त्याला वाकडा म्हणत, टेकडीकडचे फुगलेला, आणि दोघांनाही समोरचा अडाणी वाटत होता. "दोन्ही लिहिते," फोटोबाई म्हणाली, आणि भांडणातली हवाच गेली. एका नावापाशी मुकादमाने सरळ नकार दिला. त्याने ते टोळीच्या ड्रायव्हरच्या कानात सांगितलं, ड्रायव्हरने टॅबलेटवर टाइप केलं आणि आभाळाकडे बघितलं. तिने वाचलं, अक्षर तपासलं, जतन केलं.

शेवटी गोल झाकणाचा फोटो आला. ओतीव लोखंडाचं, परिभाषेत 'बहिर्वक्र' म्हणजे मधे फुगीर, माणसांच्या पायांनी घासून गुळगुळीत झालेलं झाकण. सगळे चहात बघायला लागले.

"बोला की."

"टक्कल," मुकादम म्हणाला.

"एवढंच?"

"मोठ्या साहेबांचं."

तिने टाइप केलं. "आताच्या?"

"छे हो. त्यांच्या आधीच्या आधीच्या. मधे एक आले त्यांना चांगले दाट केस होते. पण साहेब बदलला म्हणून झाकणाचं नाव कोण बदलत बसणार?"

आता एक बारीक काम उरलं होतं. प्रत्येक शोधशब्दाच्या सेटिंगमध्ये तळाला तीन छोटे चौकोन होते. फोटोची प्रत बाहेर पाठवली की तिच्यासोबत तो शब्दही जावा का. त्याच्या वरच्या पातळीचे शब्द जावेत का. समानार्थी शब्द जावेत का. सॉफ्टवेअर तिन्हींत बरोबरची खूण आपण होऊन करून ठेवत असे. फोटोबाईने झाडाच्या एकेका फांदीवर जाऊन तिसऱ्या चौकोनातली खूण काढली. आतल्यांना सापडावं, बाहेरच्यांना दिसू नये, एवढाच त्या रिकाम्या चौकोनाचा अर्थ. या कामात कित्येक दुपारी गेल्या आणि तिने एकही फांदी सोडली नाही.

पण त्या इमारतीत रिकाम्या चौकोनाचा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या एकच आहे: अर्ज अपूर्ण. धाकट्या साहेबांची उभी नोकरी रिकामे चौकोन असलेले अर्ज परत पाठवण्यात गेली होती. अहवालाचे फोटो मुख्यालयाला रवाना करायच्या दिवशी फोटोबाई जेवायला गेली असताना ते सहज तिच्या संगणकासमोर बसले, आणि बघतात तर काय. शेकडो चौकोन रिकामे. बाई बिचारी घरच्या आजारपणात गुंतलेली, तिच्याकडून राहिलं असणार. ते तिच्यावर रागावले नाहीत, कोणापाशी बोललेही नाहीत. बाह्या सरसावून त्यांनी सगळे चौकोन भरून टाकले आणि मनाला समाधान वाटून फोटो पाठवून दिले.

मुख्यालयात बैठक होती. अहवालातले फोटो मोठ्या पडद्यावर दाखवले गेले, आणि तिथल्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक फोटोखाली त्याचे शब्द आपोआप उमटत गेले. रडका उमटला. म्हातारीचा दात उमटला. मग गोल झाकण आलं. झडप, भूमिगत, वर्तुळाकार झाकण, बहिर्वक्र, टक्कल, मोठ्या साहेबांचं टक्कल. मोठे साहेब, म्हणजे आपल्या विभागाचे कार्यकारी अभियंता, पहिल्या रांगेत पडद्याच्या अगदी समोर बसले होते. मागच्या रांगांना दोन्ही गोष्टी एकदम दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या साहेबांच्या दालनात तिघं उभी होती: धाकटे साहेब, फोटोबाई आणि दाराला चिकटून मुकादम.

"हा शब्द कोणी घातला?"

"मी," फोटोबाई म्हणाली. "तो बाहेर जाणार नव्हता, साहेब. आतल्या शोधापुरता होता. तिसरा चौकोन भरलेला राहिला."

"राहिला म्हणजे?"

तिने टॅबलेट दुसऱ्या हातात घेतला. धाकटे साहेब खिडकीकडे बघत होते. मग ते म्हणाले, "तो मी भरला."

"का?"

"रिकामा होता."

मोठ्या साहेबांनी मान हलवली. त्यांनीही तेच केलं असतं. "ठीक आहे. झालं ते झालं. आता ते सगळे शब्द काढून टाका."

"काढले तर परवाच्या चाचणीत मुकादमांना फोटो सापडणार नाही."

"अधिकृत शब्द शिकवा त्यांना."

"शिकवले, साहेब. सॉफ्टवेअर आल्यापासून शिकवतेय. बाजारचा रस्ता तुम्ही पाहिलात."

"बाई, मुख्यालयात लोक माझं टक्कल बघून हसले."

"तुमचं नाही साहेब ते," दाराकडून मुकादम म्हणाला. "तुमच्या आधीच्या आधीच्यांचं."

"आभारी आहे," मोठे साहेब म्हणाले.

फोटोबाईने हातातला टॅबलेट टेबलावर ठेवला. "चौकोन मी आज सगळे परत रिकामे करते. यापुढे एकही शब्द बाहेर जाणार नाही, ही माझी जबाबदारी. पण आतले शब्द माझ्या हातून निघणार नाहीत. काढायचेच असतील तर दुसऱ्या कोणाला सांगा. मग फोटो सापडले नाहीत तर त्यालाच विचारा."

धाकट्या साहेबांनी डोळे मिटून घेतले. मोठ्या साहेबांनी टॅबलेट तिच्याकडे परत सरकवला.

"परवा बघू," ते म्हणाले. "फोटो सापडला तर शब्द राहतील. नाही सापडला तर शब्दही जातील आणि खोलीही जाईल."

तिने पुन्हा झाडावर चढून एकेक खूण पुसली आणि पडद्याच्या कडेला चिठ्ठी डकवली: 'रिकामा चौकोन रिकामाच ठेवावा. आदेशावरून.' आदेश कोणाचा, हे लिहिलं नव्हतं. धाकट्या साहेबांनी चिठ्ठी वाचली आणि 'आदेशावरून' हा शब्द बघून त्यांचा जीव भांड्यात पडला.

चाचणीसाठी मोठ्या साहेबांनी टपाल कचेरीची गल्ली निवडली. गल्लीवर नवं डांबर होतं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सपाट. "इथे ते झाकण आहे," ते म्हणाले. "ते." आणि येऊन मुकादमाच्या शेजारी, फोन दिसेल असे उभे राहिले.

मुकादमाने घसा साफ केला. मग टाइप केलं: झडप. शहरातल्या सगळ्या झडपा आल्या. त्याने टाइप केलं: वर्तुळाकार झाकण. अर्धं शहर आलं. तो बोटाने फोटो वर ढकलत राहिला. एक झाकण दुसऱ्यासारखं, दुसरं तिसऱ्यासारखं. कानामागून घाम ओघळला. त्याने एकदा साहेबांच्या डोक्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली.

फोटोबाई चार पावलांवर उभी होती. सगळं तिच्या लक्षात आलं. फोटो होता, शब्द होता, चौकोन बरोबर होते. आणि इतकं असूनही सगळं एका माणसाच्या सभ्यपणापायी बुडणार होतं.

"मुकादम," ती म्हणाली, "खड्ड्यात उभे आहात असं समजा."

"बाई, तुम्ही बोलायचं नाही असं ठरलंय," धाकटे साहेब कुजबुजले.

"बोलू द्या," मोठे साहेब म्हणाले. "शब्द कुठे सांगितलाय त्यांनी?"

मुकादमाने पत्ते झाकावेत तसा फोन छातीशी धरला आणि 'टक' एवढी दोन अक्षरं टाइप केली. ज्या यंत्रावर एखादा शब्द आधी शोधलेला असतो त्यावर सॉफ्टवेअर तो पुढे आपण होऊन पूर्ण करतं. त्याने पूर्ण केला. शहरात फुगीर झाकणं मोजकीच; आलेल्या थोड्या फोटोंत एकावर टपाल कचेरीची भिंत होती आणि भिंतीच्या कोपऱ्यापासून झाकणापर्यंत ताणलेली टेप.

त्यांनी तशीच टेप ताणली, खडूने खूण केली आणि पहार मारली. डांबराचा थर उचलला गेला, खाली टणकन आवाज झाला. एकाने फडक्याने माती पुसली. गोल, फुगीर, गुळगुळीत झाकण उन्हात चमकलं.

कोणी हसलं नाही. न हसण्याचं ते काम टोळीने इतक्या मेहनतीने केलं की ड्रायव्हरला खोकला झाला. मोठे साहेब वाकले आणि झाकण निरखत राहिले.

"आधीच्या आधीच्यांचं ना?"

"हो साहेब."

"मी त्यांच्या हाताखाली काम केलंय," मोठे साहेब म्हणाले. "हुबेहूब आहे." मग फोटोबाईकडे वळून म्हणाले, "बाहेर जाता कामा नये." आणि गाडीत बसले.

खोली राहिली. घरी साखरेच्या डब्यावर 'साखर' या मोठ्या अक्षरांखाली बारीक अक्षरात 'नणंदेचा डबा' आलं. दोन्ही डोळ्यांनी ते वाचून सासूबाई म्हणाल्या, अक्षर अजून मोठं चाललं असतं. मुकादम आता जिन्याखाली फोन करत नाही. फोटोबाईला त्याचं पहिले काही दिवस जरा वाईट वाटलं.

वर्षअखेरीस विभागाचं प्रमाणपत्र निघालं: 'प्रमाणित करण्यात येते की, विभागाच्या छायाचित्र संग्रहातील सर्व शोधशब्द मान्यताप्राप्त परिभाषेनुसार असून सदर प्रणालीमध्ये अनधिकृत शब्द: निरंक.' खाली मोठ्या साहेबांची सही आणि शिक्का आहे.

मोठ्या साहेबांच्या टेबलावरच्या संगणकात 'टक' एवढंच टाइप केलं की पुढचा शब्द आपोआप येतो.